सुतळीला फाटक लागत नाही

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. उजव्या हाताने लिहितो आहे, कारण डावा नेहमीच्या जागी, म्हणजे छातीवर आहे. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजी सकाळची गोळी सकाळीच घेतात ना, की ती अजून शर्टाच्या खिशात राहून दुसऱ्या दिवशी धुण्यात सापडते? माझी तब्येत उत्तम आहे असं डॉक्टरांचं म्हणणं आहे. (डॉक्टर मला तीन मिनिटं बघतात, मी स्वतःला दिवसभर बघत असतो. तेव्हा कोणाचं खरं धरायचं ते तूच ठरव.)

एकाच गावात राहून पत्र कसलं लिहितोस, असं तू म्हणशील. अगं, पण फोनवर तू मला बोलू देतेस कुठे? मी ‘ताई’ म्हणतो न म्हणतो तोच तू नाडी किती ते विचारतेस, मी ब्याऐंशी म्हणतो, मग झोप म्हणतेस आणि फोन ठेवतेस. पस्तीस वर्षं दवाखान्यात नर्स म्हणून काढलीस त्याचा हा परिणाम असणार. तुझ्या वॉर्डातल्या पेशंटांनी कधी एक वाक्य पुरं केलं असेल असं मला वाटत नाही. यावेळी मात्र जे सांगायचंय ते त्या एका आकड्यात मावणारं नाही. तोंडाने सांगायची माझी छातीही नाही, आणि माझ्या छातीचा भरवसा किती ते तुला ठाऊकच आहे. म्हणून लिहितो. बसून वाच. शेजारी पाण्याचा पेला ठेव. भाऊजींना मोठ्याने वाचून दाखवू नकोस, निदान पहिल्यांदा तरी.

गावाला दुसरी ॲम्ब्युलन्स मिळाली हे तुला कळलं असेलच. पहिली दवाखान्याच्या दारात उभी असते, ती तिथेच राहणार. दुसरी कुठे उभी करायची हे ठरवायला समिती नेमली. समितीत नगरपालिकेच्या अध्यक्षबाई, दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई, आमचे इंजिनियर साहेब आणि पहिल्या गाडीचा चालक अशी चौघं. पाचवा मी, मतापुरता नव्हे, नकाशापुरता. साहेबांनी माझं नाव सुचवताना सगळ्यांसमोर सांगितलं की आमच्या ऑफिसात इतका काळजी करणारा माणूस दुसरा नाही. ते कौतुक होतं की काय होतं याचा विचार करत मी त्या दिवशी डबा तसाच परत आणला.

पहिल्या बैठकीत एवढंच कळलं की गाडी पाच मिनिटांत दारात यावी असं प्रत्येकाला वाटतं, पण ती आपल्या खिडकीखाली उभी राहावी असं कोणालाही वाटत नाही. बागेजवळची मंडळी म्हणाली, भोंग्याने मुलं दचकून उठतील. बाजारातले म्हणाले, दुकानासमोर ॲम्ब्युलन्स दिसली तर गिऱ्हाईक फिरकायचं नाही. साहेबांना ती पाण्याच्या टाकीखाली हवी होती, कारण टाकीखालची जागा रिकामी आहे. (ती रिकामी आहे कारण टाकी गळते.) अध्यक्षबाईंना ती ऑफिसच्या फाटकाशी हवी होती, दिसायला बरी दिसते म्हणून. चालक काहीच बोलला नाही. तो माझ्याकडे अधूनमधून बघत होता आणि मी नकाशाकडे बघत होतो. तो मला ओळखतो, ताई. गाडीवरची माणसं माझ्या पाठीमागे मला ‘ब्याऐंशी’ म्हणतात, हे मला दाराच्या फटीतून ऐकू आलेलं आहे.

तेव्हा मी म्हणालो, मतं बाजूला ठेवू या, आपण आकड्यांना विचारू. आणि इथून भाऊजींच्या फळीची गोष्ट सुरू होते. महिन्यापूर्वी मी त्यांच्या शेडमधून प्लायवूडची मोठी फळी घेऊन गेलो, त्यांनी तिला एकोणीस भोकं पाडून दिली आणि बिस्किटांचा डबा भरून लोखंडी नट दिले, पण कशाला ते विचारलं नाही. (भाऊजींचा हा मोठेपणा आहे. मला कोणी एकोणीस भोकं पाडायला सांगितली तर मी आठवडाभर झोपणार नाही.) तर ते असं. फळीवर गावाचा नकाशा चिकटवायचा. एकेका वस्तीच्या जागी एकेक भोक. प्रत्येक भोकातून एक सुतळी खाली सोडायची आणि वर सगळ्या सुतळ्यांची टोकं एका गाठीत बांधायची. दोन वर्षांत ज्या वस्तीतून ॲम्ब्युलन्सला जितके फोन आले, तितके नट त्या सुतळीला खाली लटकवायचे. मग दोन टेबलांच्या मध्ये फळी ठेवली की प्रत्येक वस्ती आपापल्या वजनाने गाठ ओढते, आणि ओढाताण संपून गाठ जिथे थांबेल तिथे गाडी ठेवायची. ही युक्ती मला नोकरीच्या पहिल्या वर्षी एका म्हाताऱ्या ड्राफ्ट्समननी शिकवली. त्यांनी ती कचरा डेपोसाठी वापरली होती, आणि डेपो नेमका त्यांच्याच घरासमोर आला होता. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

एक अडचण होती. आपल्या ऑफिसचा नकाशा रेल्वे फाटकापाशी संपतो. म्हणजे तुम्ही जिथे राहता ती वसाहत सरकारदरबारी अजून कोरा कागद आहे. दोन वर्षांपूर्वी तुम्ही तिकडे गेलात तेव्हा तिथे तीन इमारती आणि बाभळी होत्या. आता मी मोजायला गेलो तर सतरा इमारती, एक शाळा आणि दोन सलूनं. मी नकाशाला एक कागद जोडला, त्यावर तुमच्यासाठी एक भोक धरलं आणि ॲम्ब्युलन्सच्या फोनवर बसणाऱ्या बाईंकडून वस्तीवार आकडे मागवले. तुमच्या सतरा इमारतींच्या वाट्याला नट आले फक्त पाच. मला बरं वाटलं. म्हटलं, तिकडची हवा चांगली दिसते, ताईला मानवली असणार.

आणि आपल्या गल्लीच्या वाट्याला नट आले एकसष्ट.

दुसऱ्या बैठकीत मी फळी मांडली. साहेबांनी कौतुकाने गाठ हाताने मधोमध धरली आणि सोडली. (अध्यक्षबाई टेबलाला अगदी खेटून बसल्या होत्या, त्यांच्या गुडघ्यावर बाजारपेठेचे चोवीस नट आदळले. त्यानंतर त्या खुर्ची मागे घेऊन बसल्या.) गाठ जरा थरथरली, इकडेतिकडे झाली आणि सरळ आपल्या गल्लीच्या तोंडाशी, बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याच्या आवारात जाऊन थांबली. तिथे जागा मोकळी आहे, वर पत्रे आहेत, नळ आहे. सगळ्यांना एकदम पटलं. अध्यक्षबाईंनी चालकाला विचारलं, तुमचं काय म्हणणं? तो म्हणाला, “त्या गल्लीत आमचं जाणं-येणं आहेच.” मी नकाशाची घडी घालू लागलो.

तुला खोटं कशाला सांगू, ताई, मला आनंद झाला. बर्फाचा कारखाना आपल्या दारापासून ऐंशी पावलांवर आहे. मी त्याच संध्याकाळी मोजली. पुन्हा छातीवर हात ठेवून मोजली, कारण तशा अवस्थेत पावलं लहान पडतात, तर एकशे दहा झाली. एवढं अंतर मी रांगतसुद्धा जाईन. त्या रात्री मी दिवा मालवून झोपलो, असं कित्येक महिन्यांत झालं नव्हतं.

सकाळी उठलो तो मात्र एकसष्ट आकडा उशाशी बसलेला. एवढ्याशा गल्लीत, चौदा घरांत, दोन वर्षांत एकसष्ट वेळा ॲम्ब्युलन्स? म्हणजे इथे काहीतरी मोठं चाललंय आणि मला कोणी सांगत नाही. मी माणसं न्याहाळू लागलो. समोरचा शिंपी मला पिवळट वाटला. कोपऱ्यावरच्या शिक्षिकाबाई जिना चढताना दोनदा थांबतात हे माझ्या लक्षात आलं. (नंतर कळलं, त्या वरच्या मजल्यावरच्या बाईंशी बोलायला थांबतात.) मी नळाचं पाणी उकळून गाळलं, गाळून पुन्हा उकळलं. शिंप्याला जाऊन विचारलं, रात्री घाम येतो का? तो म्हणाला, उन्हाळा आहे, कोणाला येत नाही? हा माणूस लपवतो आहे असं मी मनात धरलं. चार दिवस मी एकसष्ट संसारांची काळजी वाहिली आणि पाचव्या दिवशी दुपारी व्हायचं तेच झालं. धडधड सुरू झाली, हातापायाला मुंग्या आल्या, मी गाडी बोलावली. चालकाने मनगट धरलं, घड्याळाकडे बघितलं, ब्याऐंशी म्हणाला, चहा घेतला आणि गेला. म्हणजे बासष्ट.

तू एव्हाना ओळखलं असशील. मला मात्र अजून दोन दिवस लागले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा मी चांगला लांबून घातला. गल्लीत नेमकी कसली साथ आहे ते बघावं म्हणून मी फोनवर बसणाऱ्या बाईंकडे गेलो आणि मूळ वही मागितली. त्यांनी ती दिली, खुर्ची दिली, आणि न मागता पाणीही दिलं. मी आपली गल्ली शोधून बोट ठेवलं. नाव माझं. तक्रार: छातीत धडधड. नाडी ब्याऐंशी. पुढची नोंद. नाव माझं. घशात काहीतरी अडकल्यासारखं. नाडी ब्याऐंशी. पुढची. नाव माझं. डावा हात जड. (त्या दिवशी मी दोन पिशव्या भाजी आणली होती.) एकसष्टांपैकी अठ्ठावन्न मी, ताई. उरलेल्या तिनांत शिक्षिकाबाईंच्या सासूबाई दोनदा आणि एकदा शिंप्याच्या बोटात गेलेली सुई. साथ होती हे खरंच, पण ती एकट्या माझ्या घरात होती.

लाजेने कान गरम झाले. तिथूनच उठलो असतो तर बरं झालं असतं. पण माझा स्वभाव तू जाणतेस. पहिली नोंद कधीची ते बघायला मी पानं मागे उलटत गेलो. तुम्ही वरचा मजला सोडून फाटकापलीकडे राहायला गेलात तो रविवार होता. टेम्पो भरताना तुझ्या हातातून कुंडी पडली ते आठवतं ना? वहीतली माझी पहिली नोंद त्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारची आहे. त्याआधी एकही नाही. एकोणीस वर्षं तू वरच्या मजल्यावर होतीस, संध्याकाळी खाली यायचीस, माझं मनगट धरून घड्याळ बघायचीस, काही नाही झालेलं म्हणायचीस आणि दुधाचं भांडं घेऊन वर जायचीस. मला वाटायचं, ही मला तपासते आहे. आता वही बघताना कळलं, की गाडीवाले येतात ते दुसरं काही करत नाहीत. येतात आणि मनगट धरतात.

आता ज्याच्यासाठी पाण्याचा पेला ठेवायला सांगितला ते.

भाऊजींना झटका आला तो दिवस मी वहीत मुद्दाम शोधला नाही. पान उलटताना तारीख समोर आली. त्या दिवसाची गोष्ट आपल्या घरात किती हसून सांगितली जाते! गाडी येईना म्हणून तुम्ही खालच्या गादीवाल्याचा टेम्पो थांबवला, सात नव्या गाद्यांच्या थरावर भाऊजींना झोपवलं, फाटकात अर्धा तास गेला तेव्हा गादीवाला उशीने वारा घालत होता, आणि दवाखान्यात पोचल्यावर भाऊजी म्हणाले की एवढा आरामात मी लग्नानंतर कधी झोपलो नव्हतो. मीसुद्धा ती गोष्ट ऑफिसात दोनदा सांगितली आहे. वहीत ती दोन ओळींत आहे. पहिली ओळ: दुपारी तीन वाजून दोन मिनिटं, बर्फ कारखान्याची गल्ली, धडधड, नाडी ब्याऐंशी. दुसरी ओळ: तीन अकरा, फाटकापलीकडची वसाहत, पुरुष, वय अडुसष्ट, छातीत कळ, घाम. पुढे लिहिलंय, गाडी बाहेर. गाडी परतल्याची वेळ तीन अडतीस.

तीन दोनला गाडी निघाली, तीन सातला माझ्याकडे पोचली असेल. नाडी बघायला एक मिनिट. उरलेला वेळ चहाचा, ताई. मला तो दिवस लख्ख आठवतो, कारण मी आग्रह करकरून दुसरा कप दिला होता. माणसं घरात असली की धडधड थांबते, म्हणून मी त्यांना बसवून ठेवत असे. चालकाचा फोन बाहेर गाडीतच राहिला होता. तू नंतर मला दवाखान्यात सांगितलंस, गाडी कुठेतरी अडकली होती रे. ते ‘कुठेतरी’ म्हणजे माझा ओटा होता. भाऊजी वाचले ते गादीवाल्यामुळे. ते गेले असते तर ते माझ्या दुसऱ्या कपामुळे गेले असते, आणि मला ते कधी कळलंही नसतं. मी तुझ्या शेजारी बसून रडलो असतो आणि तू माझीच नाडी बघितली असतीस.

हे मी तुला तसंच सांगतो आहे, त्यात माझ्या तब्येतीची सबब घालत नाही. माझं चुकलं. फार चुकलं.

तरीही गप्प बसायचा विचार माझ्या मनात आला हे कबूल करतो. ठराव लिहून झाला होता, फक्त सह्या राहिल्या होत्या. दोनशे चार नटांत कोणाचे कोणते, हे कोण विचारायला बसलंय? आणि बर्फाचा कारखाना ऐंशी पावलांवर. मी दोन दिवस स्वतःला समजावलं की गाडी जवळ आली की आपली भीती जाईल, भीती गेली की आपण गाडी बोलावणार नाही, म्हणजे गाडी गावालाच मोकळी राहील, यात गावाचंच हित आहे. असले हिशेब मला फार छान जमतात. पण भाऊजींच्या हातची भोकं समोर दिसत होती. तुमच्या वसाहतीचं भोक त्यांनी सगळ्यात सुबक पाडलंय, कडेने पॉलिश पेपरसुद्धा मारलाय.

काल तिसरी बैठक झाली. मी उभा राहिलो आणि सांगितलं की सह्या करण्याआधी एक दुरुस्ती आहे, आपल्या गल्लीचे अठ्ठावन्न नट काढायचे आहेत. साहेबांनी विचारलं, का? मी म्हणालो, ते मी आहे. कोणाला काही समजेना, तेव्हा मी वही उघडून ठेवली. डॉक्टरीणबाईंनी चष्मा लावून तीन पानं वाचली आणि चष्मा काढून पुसत बसल्या. अध्यक्षबाई खिडकीबाहेर बघू लागल्या, म्हणजे हसू लपवत होत्या. मी टेबलाखाली वाकून नट काढायला लागलो, पण गाठी सुटेनात. तेव्हा चालक उठला, माझ्या शेजारी जमिनीवर बसला आणि त्याने एकेक नट सोडवून बशीत टाकायला सुरुवात केली. अठ्ठावन्न वेळा टण्ण झालं. बाहेर कारकुनांनी टायपिंग थांबवलं होतं. इतका वेळ माझी आयुष्यात कोणी इज्जत काढली नव्हती, आणि तीही नटाने.

वर गाठ हळूहळू आपली गल्ली सोडून निघाली. बाजार ओलांडला, शाळा ओलांडली, आणि सगळे नट निघाल्यावर ती जिथे थांबली ती जागा रेल्वेचे रूळ होते. अगदी रुळांच्या मधोमध. साहेब वाकून बघत म्हणाले की रेल्वेची परवानगी मिळवायला वेळ लागेल. (ते गंभीरपणे म्हणाले.) मग गाठीला चिकटून इकडच्या बाजूला, स्टेशनच्या अंगणात गाडी ठेवू असं ठरायला लागलं. म्हणजे तुम्ही पलीकडे तसेच राहणार हे मला दिसत होतं, पण बोलायला तोंड होतं कुठे? माझं तोंड त्या बशीत पडलं होतं.

तेव्हा चालक बोलला. तीन बैठकांत त्याचं हे दुसरं वाक्य. तो म्हणाला, “साहेब, सुतळीला फाटक लागत नाही. गाडीला लागतं. दिवसातून सव्वीस वेळा.”

 मग त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, जी माझ्यासारख्या नकाशेवाल्याच्या डोक्यात शंभर वर्षांत आली नसती. फाटकापलीकडचे पाच नट हे तिकडे आजार कमी म्हणून पाच नाहीत. भाऊजींच्या त्या दिवसानंतर तिकडचे लोक ॲम्ब्युलन्सला फोनच करत नाहीत. गादीवाल्याला करतात. गादीवाल्याने वर्षभरात अकरा माणसं दवाखान्यात नेली आहेत, त्यात दोन बाळंतिणी. त्याने एक गादी त्यासाठी वेगळीच ठेवली आहे. आमच्या वहीत यांतलं काहीच नाही, कारण जी गाडी येत नाही तिला कोण बोलावतं? म्हणजे मी दर पंधरा दिवसांनी गाडी बोलावून माझं वजन वाढवत होतो, आणि ज्यांना खरी गरज होती ते शहाणे होऊन आपलं वजन कमी करत होते. आणि वर मी म्हणत होतो, तिकडची हवा चांगली दिसते.

चालकाने बशीतून माझे अकरा नट उचलले आणि तुमच्या सुतळीला बांधले. गाठ रूळ सोडून तुमच्या बाजूला उतरली. थोडीशीच उतरली, दोन बोटं. पण त्यानंतर कोणी गाठीकडे बघितलंच नाही. पहिली गाडी इकडे आहे, दुसरी फाटकापलीकडे हवी, निदान पेशंटपाशी पोचताना तरी फाटक आडवं येणार नाही, हे नकाशा न बघताही कळण्यासारखं होतं. ते कळायला आम्हाला तीन बैठका, एक फळी आणि माझी अब्रू लागली. तुमच्या घरासमोरच्या रस्त्याला ट्रक तोलायचा जुना वजनकाटा आहे ना, बंद पडलेला, तिथे गाडी राहील. सह्या झाल्या. शेवटची सही करताना डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं की तुम्ही आता काय करणार? मी म्हणालो, बघू. त्या म्हणाल्या की बघू नका, कोणाकडे तरी राहायला जा.

तर असं झालं. भाऊजींना काय सांगायचं, किती सांगायचं, ते मी तुझ्यावर सोडतो. त्यांना राग आला तर येऊ दे, पण बसून येऊ दे. मी येऊन त्यांचे पाय धरीन, मात्र आधी तुझा निरोप आल्याशिवाय यायचं धाडस नाही. तू मला कायम तुझा धाकटा समजून पदरात घेत आलीस. यावेळी नाही घेतलंस तरी मी समजेन. म्हणजे समजणार नाही, चार रात्री जागेन, पण गाडी बोलावणार नाही.

गुडघ्यांना शेक दे. भाऊजींच्या खिशात रोज संध्याकाळी हात घालून बघ.

तुझा,
धाकटा

ता. क. १. लिहायचं राहिलंच. वजनकाट्याच्या खोलीचं छप्पर पडलंय, ते उभं राहायला चार महिने लागतील. तोपर्यंत गाडी उभी करायला त्याच रस्त्यावर, पत्र्याची, दोन्हीकडून दार असलेली जागा हवी. अशी जागा तिथे एकच आहे, भाऊजींची शेड. मी काल सह्या होत असताना जरा भरात येऊन भाऊजींच्या वतीने होकार देऊन टाकला. गुरुवारी सकाळी साहेब टेप घेऊन मोजायला येतील. तेव्हा त्याआधी ती अर्धवट कपाटं आणि तीन पायांची स्टुलं हलवावी लागतील. हे पत्र मुख्यतः त्यासाठीच लिहायला घेतलं होतं, मधेच बाकीचं आलं.

ता. क. २. पत्र पाकिटात घालून चालकाकडे दिलं, तो उद्या वजनकाटा बघायला तिकडे येणार आहे म्हणून. त्याने विचारलं, एवढं जाड काय आहे? मी सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, तुमच्या ताईंना हे वर्षापूर्वीपासून माहीत आहे. भाऊजींच्या झटक्याच्या त्या आठवड्यातच तू दवाखान्याच्या दारात त्याला गाठून गाडी कुठे होती ते विचारलं होतंस. त्याने खरं ते सांगितलं. आणि तू त्याला म्हणालीस, “त्याला कळू देऊ नका, त्याला खरंच काहीतरी होईल.” वर त्याला बजावलंस की बोलावलं तर जात जा, पण चहा घेत असलास तर फोन खिशात ठेवून घे. म्हणून पाकीट परत मागून घेतलं आणि हे लिहितो आहे. सगळं पत्र फाडून टाकणार होतो, पण शेडचं काम त्यातच आहे.

ता. क. ३. आत्ता मोजली. एकशे चार आहे. दोनदा मोजली, घड्याळ बदलूनही मोजली. दोन वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी खरं निघालं आणि मी कोणालाही बोलावलेलं नाही. पत्र तुला मिळेल त्या संध्याकाळी पाच वाजता फोन करतो. नाडी विचारू नकोस. नुसतं, ये म्हण.